चिंचोकेअक्का आणि आठवी आंघोळ

अक्कांचा पहिला प्रश्न मुलाबद्दल कधीच नसे. आई दारातून आत यायची तीच मुळी एका हातात पोराचं बखोट आणि दुसऱ्या हातात शाळेची डायरी धरून. तक्रारींचा पाढा जिभेवर तयार असायचा. अक्का तो सुरूच होऊ द्यायच्या नाहीत. बाईला बाकावर बसवायच्या, नीट निरखून बघायच्या आणि विचारायच्या, "तूं सकाळीं काय खाल्लीस?"

मला हेच विचारलं तेव्हा मी म्हटलं, "कॉफी."

"कॉफी खात नाहींत, पितात. खाल्लीस काय?"

मी काहीच खाल्लं नव्हतं. अक्कांनी पिशवीतून स्वतःचा स्टीलचा डबा काढला, झाकणात दहीभात वाढला, कडेला लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवली आणि झाकण माझ्यापुढे सरकवलं. "आधीं खा. उपाशी बाईचा हात लौकर उठतो." पाच अनोळखी बायकांच्या देखत मी दहीभात खाता खाता रडले. अक्का शांतपणे शेजारच्या बाईशी बोलत राहिल्या. रडणाऱ्या बाईची समजूत काढणं त्यांना जमत नसे, आणि जमायला हवं असं त्यांना वाटतही नसे. माझं रडून झाल्यावर त्यांनी झाकण उचललं, धुऊन आणलं आणि म्हणाल्या, "आतां सांग."

तंजावुरात सगळे त्यांना चिंचोकेअक्का म्हणत. त्या नर्स होत्या. एका मोठ्या शहरातल्या मनोरुग्णालयात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना हे काम शिकवलं होतं. जे मूल उठता बसता 'नाही' म्हणतं, मोडतोड करतं, चावतं, अंगावर येतं, त्याच्या आईबापांना वागणूक शिकवायची. निवृत्त होऊन गावी आल्यावर एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्या दर मंगळवारी सकाळी बसत. लग्न केलेलं नव्हतं. साठी उलटलेली, उंच, काटक बाई. पांढऱ्या सुती साडीला निळी किनार आणि पायात रबरी चपला. घराणं इथल्या जुन्या मराठ्यांबरोबर आलेलं, त्यामुळे शब्द तीनशे वर्षांपूर्वीचे आणि हेल तमिळचा. मी मूळची मिरजेची. पहिल्या दिवशी मला वाटलं, पोथीतलीच एखादी बाई रबरी चपला घालून समोर बसली आहे.

मी लग्न होऊन तंजावूरच्या अशाच एका मराठी घरात आले होते. यजमान ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत. सकाळच्या बसने जायचे ते दिवेलागणीला परतायचे. दिवसभर घरात मी, सासूबाई आणि आमची तुळजा. तुळजा सात वर्षांची, दुसरीत. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. गावात केबल आली होती, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ निघाले होते, आणि प्रत्येक आईला आपलं मूल इंग्रजी शाळेत पहिल्या बाकावर बसलेलं हवं होतं. आमची तुळजा बाकाखाली बसायची. 'बाहेर ये' म्हटलं की 'नाही'. 'लिही' म्हटलं की 'नाही'. डबा गटारात, बूट विहिरीत, बाईंच्या मनगटावर दातांचे ठसे. डायरीत निळ्या शाईपेक्षा लाल शाई जास्त झाली होती. यजमान म्हणायचे, हे तुझे लाड. मिरजेहून माझी आई लिहायची, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. शेजारच्या बायका माझ्याकडे बघून नुसत्या 'च् च्' करायच्या.

तापट स्वभाव मला माहेराहून आंदण मिळाला होता. मी तुळजेला मारत होते. हे लिहिताना आजही पेन अडतं, पण लिहिते. चापटी वगैरे नव्हे. मारत होते, आणि बहुतेक रोज. मारून झालं की ती कोपऱ्यात बसून माझ्याकडे टक लावून बघायची, रडायची नाही. मग मला तिची नाही, माझी स्वतःचीच भीती वाटायची. एक दिवस माझ्या हातून काहीतरी भलतंच होईल, असं वाटून मी विळी उंच फळीवर ठेवून दिली होती.

तशात शाळेने कळवलं की वर्षअखेरपर्यंत सुधारणा नाही झाली तर दाखला घेऊन जा. यजमानांनी कुठून तरी डोंगरावरच्या एका निवासी शाळेचा फॉर्म आणला. सात वर्षांची पोर घरापासून एवढी लांब! मला तो फॉर्म डोळ्यांसमोर नको होता. आणि खरं सांगायचं तर हवाही होता. मनात येई, तिथे निदान ती माझ्या हातून वाचेल. अक्कांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला.

"भर," त्या म्हणाल्या. "भरून ठेव. पण दहा मंगळवार पोस्टांत टाकूं नको."

"आणि तिला औषध?"

"तिला कशाला? औषध तुला."

त्यांच्या टेबलावर चिंचोक्यांनी भरलेली एक बरणी असे. त्यातले मूठभर त्यांनी माझ्या पदरात ओतले. "कनवटीला ठेव. सकाळीं उठल्यापासून पोरीला एक हुकूम सोडलीस की एक चिंचोका काढून डब्यांत टाक. दुसरं कांहीं करूं नको. सुधारूंही नको." मला वाटलं, हे काय औषध? दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुवात केली. ऊठ. दात घास. नीट घास. पाणी सांडू नको. इकडे ये. हलू नको. सरळ उभी राहा. वेणी घालून व्हायच्या आतच कनवट रिकामी झाली. दूध प्यायचं अजून बाकी होतं. मी ओशाळून पुढच्या मंगळवारी हे सांगितलं तर अक्का खो खो हसल्या. "अगो, ऊस तोडणाऱ्यांचा मुकादमसुद्धां इतके सोडत नाहीं! आणि ह्यांतले पुरे करवून घेतलीस किती?" मी आठवायचा प्रयत्न केला. एकही आठवेना.

बरं, हे झाले फक्त माझे. सासूबाई तिला आपल्या जुन्या मराठीत उठवायच्या, यजमान तमिळमध्ये, आणि मी मिरजेच्या ठसक्यात. पोरीने एकाच वेळी तीन भाषांत उठायचं होतं. अक्कांनी कायदा घातला. एका वेळी एकच तोंड बोलणार. लांबून ओरडायचं नाही, जवळ जायचं. हळू आवाजात, एकदाच सांगायचं. मग तोंड मिटायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. ऐकलं तर लगेच चांगलं म्हणायचं. हे वाचायला सोपं वाटतं. त्यातलं तोंड मिटणं किती कठीण आहे ते माझ्यासारखीलाच ठाऊक. दहा मोजेपर्यंत माझ्या तळपायाची आग मस्तकात जाऊन परत यायची.

दुसरी शिक्षा म्हणजे रोजची दहा मिनिटं. दहा मिनिटं पोरीबरोबर बसायचं, खेळ तिने निवडायचा, आणि आईने शिकवायचं नाही, विचारायचं नाही, सुधारायचं नाही. अक्कांनी हे आपल्यासमोर करायला लावलं. खड्डे कोरलेला पल्लांगुळीचा लाकडी पट मधे ठेवला, दोन्ही बाजूंना आम्ही मायलेकी. तुळजा खड्ड्यांत चिंचोके टाकताना सरळ सरळ लबाडी करत होती. मी म्हटलं, "असं नाही ग, एकेक टाक. किती झाले सांग बघू?" अक्कांनी पाठीमागून माझ्या खांद्यावर बोट मारलं. "हे दोन. एक चूक काढलीस, एक परीक्षा घेतलीस. दहा मिनिटं तरी मास्तरीण होऊं नको!" मग मी गप्प बसले आणि तिच्या लबाडीने हरले. तुळजा हसली. तिला हसताना मी किती दिवसांत पाहिलं नव्हतं ते तेव्हा लक्षात आलं, आणि मला स्वतःची लाज वाटली.

बाप लोकांना अक्का मुळीच सोडत नसत. "आडांतच नाहीं तर पोहऱ्यांत कुठून येणार?" असं म्हणून त्यांनी माझ्या यजमानांना एका मंगळवारी रजा काढायला लावली. ते बायकांच्या घोळक्यात, मांडीवर छत्री आडवी ठेवून, तास दीड तास अंग चोरून बसले. अक्कांनी त्यांना एकच काम दिलं. संध्याकाळी घरी आल्यावर 'आज काय केलंन हिनं' हा प्रश्न विचारायचा नाही. त्या प्रश्नाचं उत्तर मी रोज भरून ठेवत असे आणि ते ऐकून पोरीला दुसऱ्यांदा शिक्षा होत असे, हे आम्हां दोघांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी तो प्रश्न बंद केला, तसा माझाही दिवस जरा आखूड झाला.

पण आमच्या घरातलं खरं कुलूप सासूबाईंच्या सोवळ्याला होतं. इकडे त्याला मडी म्हणतात. सासूबाई पहाटे आंघोळ करून, उंच बांबूवर काठीने वाळत घातलेलं लुगडं नेसत आणि देवपूजा, स्वयंपाक होईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. शिवलं की पुन्हा आंघोळ, पुन्हा दुसरं लुगडं. जगात दुसऱ्या कुठल्या पोरीला बंड करायला वस्तू फोडाव्या लागत असतील. तुळजेला एक बोट पुरे होतं. शाळेचा गणवेश घालून ती हळूच मागून यायची आणि आजीच्या कोपराला बोट लावायची. की सासूबाई आकांत करायच्या, मी धावून जायची, दणका द्यायची, यजमानांची बस चुकायची. एका बोटात सगळं घर नाचायचं.

हे ऐकून अक्का स्वतः घरी आल्या. सासूबाईंचं त्यांच्याबद्दलचं मत फारसं चांगलं नव्हतं. आपल्यातली असून दवाखान्यात सतरा जणांचं सगळं करत जन्म घालवलेली बाई! अक्कांना ते ठाऊक होतं. त्या आत आल्याच नाहीत. दारापुढच्या ओट्यावर बसल्या आणि तिथूनच उंबऱ्याआडच्या सासूबाईंशी बोलल्या.

"मामी, मडी तुमची. पोरीची नव्हे. खरं ना?"

"माझीच. मग?"

"मग ती शिवली तर तुम्हीं उठायचं, आंघोळ करायची, यायचं. एक शब्द नाहीं, तिच्याकडे बघणं नाहीं. आरडाओरडा झाला की तिला मजा येते."

"दहादां शिवली तर?"

"दहादां करायची. पण राहूं दे मामी. न बोलतां आंघोळ करणं तुम्हांला जमायचं नाहीं."

"कां म्हणून जमायचं नाहीं?" सासूबाई फणकारल्या. "मी काय लहान पोर आहें?"

 चपला घालता घालता अक्कांनी माझ्याकडे एकदा बघितलं. तुळजेचा हट्ट कुठल्या घराण्यातून आला ते मला त्या क्षणी कळलं. जाता जाता त्या मला एवढंच म्हणाल्या की आधी वाढेल, मग उतरेल. वाढेल तेव्हा हात आवर.

मार्गळीचा, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषाचा, महिना चालू होता. तंजावुरात थंडी म्हणून जी काय असते ती तेवढीच. पहिल्या दिवशी तुळजेने आजीला तीनदा शिवलं. सासूबाई तीनदा गुमान उठल्या. दुसऱ्या दिवशी चार, मग पाच. पाचवा दिवस शाळेला सुट्टीचा आला. सकाळपासून पोरगी मागेच लागली होती. शिवायची आणि आजीच्या तोंडाकडे बघायची, आता ओरडेल, मग ओरडेल. सासूबाई ओठ मिटून विहिरीकडे जायच्या. त्या दिवशी स्वयंपाकही दुपार उलटून गेली तरी होत नव्हता. सातव्या आंघोळीनंतर त्या बाहेर आल्या तेव्हा दात वाजत होते आणि केसांतून पाणी ठिबकत होतं. तुळजा पुन्हा बोट पुढे करून उभी होती, आणि हसत होती.

मी वाळवणाची काठी उचलली. तिच्या पोटऱ्यांवर एक, दुसरी. तिसऱ्यांदा हात उचलला तो अडला. सासूबाईंनी काठी धरली होती. मी ओवळी, काठी ओवळी, आणि त्या ओलेत्या सोवळ्यात. "पुरे," एवढंच म्हणाल्या. काठी माझ्या हातातून काढून घेतली, भिंतीला टेकवली आणि पुन्हा विहिरीकडे गेल्या. आठवी आंघोळ त्यांनी अशी स्वतःहून ओढवून घेतली. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला जाणूनबुजून शिवल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

मी तशीच चपला सरकवून अक्कांच्या घरी गेले. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या चिंचोक्यांनी माझं घर बुडालं, म्हातारी बाई गारठून मरेल, पोरगी होती त्यापेक्षा वाईट झाली. आणि शेवटी ते वाक्य माझ्या तोंडून गेलं, "तुम्हांला मूल नाही. तुम्हांला काय कळणार?"

अक्कांनी सूप खाली ठेवलं. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "मला मूल नाहीं, म्हणून मला तुझ्यासारखा राग येत नाहीं. राग येतो तिलाच शिकायला पाहिजे. बस. कुठं मारलीस?"

"पोटऱ्यांवर."

"कातडी फुटली?"

"नाही. वळ उठलेत."

"मग तिच्याशीं काय बोललीस?"

"काय बोलणार?"

"'मारलें तें माझं चुकलें' म्हणून सांग. तिथंच थांब. 'पण तूं असं केलीस' म्हणून पुढं जोडूं नको." मग सूप पुन्हा उचलून म्हणाल्या, "वाढलें म्हणजे तिला कळलें की घरांत कांहीं बदललें. दार उघडेना म्हणून जोरानं ठोकते. आतां उघडलीस तर पुढच्या खेपेला एवढ्या जोरानंच ठोकील. आणि राग आला की विहिरीवर जा, दोन घागरी ओढ. पोरगी मामींपाशीं ठेव आणि जा. हात रिकामा ठेवूं नको." बोलण्यात ना राग, ना माया. वॉर्डात एखाद्या शिकाऊ नर्सला सांगावं तसं सांगितलं. मी केलेल्या अपमानाचा त्यांनी पुढेही कधी उल्लेख केला नाही, आणि मला माफी मागायची संधीही दिली नाही. ती मागायची राहूनच गेली, त्याचं मला फार वाईट वाटतं.

घरी येऊन मी तुळजेला सांगितलं, मारलं ते माझं चुकलं. 'पण' अगदी दातांपर्यंत आला होता, तो गिळला. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढचे काही दिवस आमच्या घरात पाणी कधी नव्हे इतकं भरलेलं असायचं. पिंप, हंडे, कळशा, सगळं. शेजारीण विचारायची, घरात काही कार्य आहे का? आणि एका सकाळी तुळजा दप्तर घेऊन आजीच्या मागून गेली. सासूबाईंना आता सवयच झाली होती. पावलांची चाहूल लागली तशा त्या पळी खाली ठेवून उठल्या आणि विहिरीच्या वाटेला लागल्या.

"मीं शिवलें नाहीं!" तुळजा संतापून ओरडली. "आजी, मीं शिवलेंच नाहीं ना!"

सासूबाई थांबल्या. वळल्या, पूजेला बसल्या, आणि मागे न बघता म्हणाल्या, "बरं झालं हो." मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसले. त्यानंतरही ती अधूनमधून शिवायची, पण त्यातली गंमत गेली होती.

तुळजा काही गायीसारखी गरीब झाली असं कोणी समजू नये. ती 'नाही' म्हणतच राहिली. फक्त आता बाकावर बसून म्हणायची, आणि चावायची नाही. दहा मंगळवार संपले तेव्हा मी अक्कांना विचारलं, हे तिचं 'नाही' कधी जाणार? त्या म्हणाल्या, "कशाला जायला पाहिजे? मोठी झाली की बाईमाणसाला तें लागतं." डायरीत लाल शाई कमी झाली. मार्चमध्ये शाळेने पुन्हा दाखल्याचा विषय काढला नाही. निवासी शाळेची मुदत टळून गेल्यावर यजमानांनी तो भरलेला फॉर्म मला विचारून फाडला.

सगळ्यांचंच असं झालं नाही. आमच्या बरोबरची तिरुवैयारूची एक बाई चौथ्या मंगळवारनंतर आलीच नाही. तिचा नवरा म्हणे म्हणाला, बसभाडं घालून चिंचोके आणायला जातेस? अक्का बरेच आठवडे तिच्यासाठी बाकावरची जागा मोकळी ठेवायच्या. नंतर एकदा दुसऱ्या बाईला तिथे बसू दिलं आणि त्या दिवशी कुणाशी नीट बोलल्या नाहीत. आपल्या हातून कोण सुधारलं हे त्या कधी सांगत नसत. कोण सुटलं ते मात्र त्यांना पाठ असे.

उन्हाळ्यात अक्कांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने त्यांना कोइम्बतूरला बोलावून घेतलं. मी तुळजेला घेऊन बसस्टँडवर गेले. आणखी चार बायका आल्या होत्या. कोणी फुलं, कोणी वाटेत खायला इडल्या. पोरं एकामागून एक वाकून नमस्कार करत होती. तुळजेची पाळी आली. मी तिच्याजवळ जाऊन हळू म्हटलं, "अक्कांना नमस्कार कर."

"नाही," तुळजा म्हणाली, चांगली खणखणीत.

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी मनात दहा मोजले. मग वीस मोजले. तिने काही नमस्कार केला नाही आणि मी पुन्हा सांगितलं नाही. कंडक्टरने शिट्टी मारली. अक्का माझ्या डोक्यावर हात ठेवून बसमध्ये चढल्या, खिडकीपाशी बसल्या आणि इडलीचा डबा नीट मांडीवर ठेवला. गाडी वळली तेव्हा त्यांनी मागे बघितलं नाही. मला त्यांचा तेव्हा राग आला होता आणि रडूही आलं होतं.

परत येताना आम्ही चालत आलो. तुळजा माझ्या डाव्या बाजूने, हातभर अंतर ठेवून चालत होती. पेठ ओलांडली, देवळाच्या भिंतीकडेने सावलीत आलो, तेव्हा तिने विचारलं, "आई, तूं मला कधी मारणार?"

"कशाबद्दल?"

"नमस्कार नाहीं केलें म्हणून."

 मी तिला हात लावला नव्हता त्याला त्या दिवशी चार महिने होऊन गेले होते. मी ते मनात दिवसादिवसाने मोजत होते, स्वतःवर खूशही होते. आणि ही पोर त्या चारही महिन्यांत रोज वाट बघत होती. प्रत्येक 'नाही'नंतर, प्रत्येक सांडलेल्या दुधानंतर, आज नाही तर उद्या पडेल म्हणून. म्हणून ते हातभर अंतर. मी भिंतीला टेकून उभी राहिले. म्हटलं, "नाही मारणार. यापुढेही नाही."

तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "बघूं," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

हे सगळं मी अक्कांना पत्रात लिहिलं. लिहिलं की चार महिन्यांची माझी मेहनत पालथ्या घड्यावर पाणी झाली, पोरीचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. इथल्या बहुतेक मराठी माणसांप्रमाणे अक्कांनाही देवनागरी लिहिता येत नव्हती, अक्षर लावून लावून वाचता तेवढी यायची. मराठी मजकूर तमिळ अक्षरांत लिहिलेला. मला तो वाचता येईना. दुपारी सासूबाई चष्मा लावून ओट्यावर बसल्या आणि एकेक अक्षर लावत त्यांनी मोठ्याने वाचलं.

"'नाहीं' म्हटली नाहीं. 'बघूं' म्हटली. आतां तिला बघूं दे."